न दुखणारा डोळा

शिप्रा नदीच्या रामघाटावर पहाटेपासून रांग लागायची. कुणाच्या डोळ्यावर रुमाल, कुणाच्या हिरवी पट्टी. नेत्रबाबा पिंपळाचं पान तांब्यात बुडवायचा आणि एक थेंब डोळ्यात सोडायचा. "माई, पीड़ा शिप्रा मैया ले गई. आँख खोल." आणि कळ खरोखरच गेलेली असायची.

माणिककाकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जुनं होतं. नंतर उजव्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजला. त्यावर पाण्याचे फोड येत, आणि ते फुटले की डोळ्यात काचेचा चुरा गेल्यासारखं होई. बाबाचा थेंब आधी झोंबला, मग सगळं शांत झालं. काकू पायरीवर बसून रडल्या.

दुपारी कळ परत आली. बाबाने तीर्थाची कुपी दिली आणि डॉक्टरची औषधं बंद करायला सांगितली. काकू थेंब घालत राहिल्या. दुखणं थांबलं, पण डोळा पांढरा पडत चालला. पाप बाहेर पडतंय, असं बाबाने समजावलं. शेवटी मुलगी जयू त्यांना बळेच फ्रीगंजला डॉक्टर निहारिकांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी कापसाची वात त्या डोळ्याला लावली. पापणी हललीच नाही.

"बघा, काही त्रास नाही," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. टेबलावरच्या बाटलीतला थेंब त्यांनी काकूंच्या चांगल्या डोळ्यात घातला. तो झोंबला, मग डोळा शांत झाला. कापूस लागलेला कळेना.

"हे तर बाबांचं तीर्थ," काकू पुटपुटल्या.

"हे बधिर करायचं औषध आहे, काकू. आम्ही तपासण्यापुरतं घालतो, घरी कधीच देत नाही. रोज घातलं तर जखम भरत नाही, बुबुळ विरघळायला लागतं. आणि तुम्हाला कळतही नाही."

थेंब बंद झाल्यावर काकू उशीत तोंड खुपसून कण्हत असत. पुढे डॉक्टरांनी बुबुळावर एक झिरझिरीत पडदा शिवला. पोटातल्या बाळाभोवती असतो तो; कुण्या बाळंतिणीने दान केलेला. त्याखाली जखम भरली, कळ गेली. नजर मात्र गेली ती गेलीच; डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं.

काकू जयूला घेऊन घाटावर गेल्या आणि रांगेतल्या एकेकाला आपला डोळा दाखवू लागल्या. बाबाच्या माणसांनी त्यांना ढकललं. बहुतेकांनी तोंड फिरवलं. एक बाई मात्र आपल्या म्हाताऱ्या सासऱ्यांना घेऊन थांबली.

"दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं धरून चालू नका," काकू तिला म्हणाल्या. "कशानं थांबलं, ते आधी विचारा."

तिने सासऱ्यांचा हात धरला आणि त्यांना रांगेतून बाहेर काढलं.