खाणीवरचं वळण

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. ग्रेडरचं मागचं डावं टायर बसलंय, असं मेकॅनिक सकाळी दोनदा म्हणाला. मी टायरला बुटाने एक लाथ घातली, "चालतंय" म्हणालो आणि निघालो. बावीस वर्षं ग्रेडरने रस्ते सपाट करणाऱ्याला हवा मोजायची लाज वाटते, दुसरं काय!

मातीचा उताराचा रस्ता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला जुनी दगडखाण. खाणीवरच्या वळणापर्यंत काम झकास झालं आणि तिथे त्या बसक्या टायरवर मशीन उड्या मारायला लागलं. अशा वेळी वेग कमी करायचा, माती खरवडणारं पातं तिरकं करायचं, हे मीच नव्या लोकांना शिकवतो. पण भूक लागली होती, मी तसंच रेटलं. मशीन वर उडालं की पातं माती सोडतं, आपटलं की खड्डा पाडतं. मागे पाहिलं तर वळणभर लाटाच लाटा. जेवून काढू म्हटलं.

वळणाखालच्या सावलीत जेवलो आणि डोळा लागला. उठलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. साडेतीनला माझी थोरली बहीण त्याच रस्त्याने शाळेची व्हॅन खाली आणते. आत नऊ मुलं. अशा लाटांवर ब्रेक मारला की चाकं धड टेकत नाहीत, गाडी बाहेरच्या कडेला सरकते. बाहेर खाण. सकाळी ताई गेली तेव्हा रस्ता सपाट होता, म्हणजे ती नेहमीच्याच वेगाने येणार होती. फोनला तिथे रेंज नाही.

मशीन चालू केलं, पातं टेकवलं. लाटा मुळापासून काढायच्या तर पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने जावं लागतं. माझा पाय काही ऐकेना. घाईत रेस दिली आणि मशीन पुन्हा उडालं. जुन्या लाटांवर नव्या लाटा झाल्या.

वर धूळ दिसली. ग्रेडर रस्त्यात आडवा लावला तर व्हॅन थांबणार होती, पण ऑफिसात बोंब झाली असती की एवढ्या जुन्या माणसाने वळणाची वाट लावली. खरं सांगतो, तेवढ्यातही हा विचार माझ्या मनात आला. त्याची मला अजून भीती वाटते. मग पातं उचललं, लाटांवरून आदळत वर गेलो आणि वळणाच्या तोंडाशी मशीन आडवं घातलं.

व्हॅन दहा हातांवर थांबली. ताई उतरली, लाटांकडे बघितलं, मग खाणीकडे.

"कुणी केलं हे?"

"मी."

तिने मुलांना उतरवून डोंगराच्या बाजूला बसवलं. मी मोजली, नऊ. पुन्हा मोजली.

"ती काय पळून जातायत?" ताई म्हणाली. "काढ आता हे."

"ताई, पाय थरथरतोय माझा. पुन्हा उडेल."

तिने पदर खोचला आणि मशीनच्या पुढे जाऊन उभी राहिली. "मी चालते. माझ्या मागे मागे ये. मला गाठायचं नाही."

"वेडी आहेस का? बाजूला हो."

ती चालायलाच लागली. पातं तिरकं केलं, पहिला गिअर टाकला. रेस जरा जास्त झाली तर पुढे माझी बहीण होती. तिच्या टाचांवरून नजर हलवली नाही. घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायला हात काढायची हिंमत नव्हती. मशीन एकदाही उडालं नाही. चार वेळा वळण उतरलो. दर वेळी मी मशीन मागे घेईपर्यंत ती वर जाऊन थांबायची आणि पुन्हा पुढे चालायची. एकदाही तिने मागे पाहिलं नाही.

वळण सपाट झालं. मुलं व्हॅनमध्ये बसली. ताईने किल्ली लावली, पण ती फिरवेना. मी खिडकीशी गेलो.

"काय झालं? निघ की."

"थांब जरा," ती म्हणाली. दोन्ही हातांनी तिने गुडघे घट्ट दाबून धरले होते. "पाय ब्रेकवर ठरत नाहीये."