यंदाही वॅक्सविंग आले नाहीत

“यंदाही आले नाहीत बघ वॅक्सविंग,” तंबूतून वाकून बाहेर येत मर्ल म्हणाला. “पहाटेपासून कान लावून बसलोय. एक शिटी नाही.”

नदीननं कॉफी ओतली. झऱ्यावर धुकं साचलं होतं आणि त्या धुक्यातल्या सीडरच्या शेंड्यावर वॅक्सविंगांचा थवा इतका किलबिलत होता की तिचं डोकं उठलं होतं.

“उत्तरेत थंडीच कुठे पडलीय, मग कशाला येतील इकडे,” ती म्हणाली.

हे असं बोलायचा तिचा तिसरा हिवाळा. मर्लचं आयुष्य संत्र्याच्या बागांमधले पंप दुरुस्त करण्यात गेलं होतं, आणि त्या धडधडीनं त्याच्या कानांतून बारीक आवाज तेवढे नेले होते. माणसांचं बोलणं नीट कळे, म्हणून त्याला पत्ताच नव्हता. शिवाय आधी आवाज ओळखायचा आणि मगच मान वर करायची, ही त्याची जुनी ऐट. आवाज नाही, म्हणजे पक्षी नाही! नदीन होला हो करत राहिली. कळलं तर हा पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही, आणि घरी खुर्चीत बसलेला नवरा तिला बघवला नसता. पण तंबू तिनंच ठोकायचा, गाडी तिनंच चालवायची आणि वर खोटंही तिनंच बोलायचं, याचा तिला आता कंटाळा आला होता.

न्याहारीनंतर तळावरची माणसं नेहमीसारखी मर्लच्या मागून फळ्यांच्या पुलावर आली. खाली झऱ्याच्या कोमट पाण्यात उबेला आलेल्या मॅनटी, त्या अवाढव्य पाणगाई, लोळत होत्या, पाठीवर बोटींच्या पंख्यांचे पांढरे वण.

“बघा, कशा म्हशींसारख्या पसरल्यात,” मर्ल म्हणाला. सगळे हसले.

“काका, ही बारीक शिटी कुणाची हो?” मिशिगनच्या एका बाईनं विचारलं.

“कुठली?”

“अहो, ही काय! कान किटले की.”

मर्ल ऐकत राहिला. मग त्यानं नदीनकडे पाहिलं. दर वेळी जिभेवर तयार असलेली थाप आज काही केल्या तिला सुचेना.

“वॅक्सविंग आहेत, मर्ल,” ती म्हणाली.

त्यानं मान वर केली. धुकं विरलं होतं. सीडर नुसतं पक्ष्यांनी भरलं होतं. तो बराच वेळ बघत राहिला, मग लोकांकडे वळून म्हणाला, “पक्ष्यांचं यापुढे या बाईंना विचारायचं. माझ्याकडे फक्त म्हशी.”

माणसं पांगल्यावर त्यानं विचारलं, “किती वर्षं?”

“तिसरं.”

“आणि मी मूर्खासारखा थंडीला शिव्या घालतोय!”

“तू आला नसतास रे पुन्हा,” ती म्हणाली. “मी काय करायला हवं होतं, सांग ना.”

मर्ल कठड्याला टेकून उभा राहिला. खाली एक मॅनटी वर आली, फुस्सकन श्वास सोडून परत बुडाली. तो फुस्कारा त्याला ऐकू आला.

“आत्ता ओरडतायत?”

“हो.”

“सगळे?”

“सगळेच.”

“थांबले की सांग,” तो म्हणाला आणि कानामागे हात धरून झाडाकडे बघत राहिला.