सूरजच्या अंगणातला रस्ता

सुनिलने जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतली आणि त्याचं चुलतभाऊ सूरजशी असलेलं वैर हाडवैर झालं. शेणवा गावाच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की त्यांची वाडी लागते. वाडीचा रस्ता सूरजच्या अंगणाशी येऊन संपतो आणि सुनिलचं घर त्या अंगणाच्या पलीकडे, मागच्या अंगाला. पायी जायला सूरजने कधी कुणाला अडवलं नव्हतं. पण गाडी दारात उभी नसेल तर ती घेऊन उपयोग काय? सुनिलची गाडी रस्त्याच्या तोंडाशी धूळ खात पडली होती आणि येणारा-जाणारा तिच्याकडे बघून हसतोय असं त्याला रोज वाटे. हसत कुणीच नव्हतं, पण वाटण्याला औषध नाही.

"आज्याची बैलगाडी हितनंच जायची," सुनिल म्हणायचा.

"आज्या गेला, बैल गेलं. आता हे माजं अंगण हाय," सूरज म्हणायचा. एवढ्यावर न थांबता त्याने अंगणाच्या कडेला हे मोठे दगड लावले आणि बायकोकडून अंगण दगडापर्यंत सारवून घेतलं. सुनिलच्या अंगाचा तिळपापड झाला.

सुनिल वाशिंदला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. काम काय, हे त्याने वाडीत नीट कधी सांगितलं नव्हतं, कारण ऐकणाऱ्याला ते पोरखेळ वाटलं असतं. एक कंपनी माणसाशिवाय चालणारी गाडी बनवत होती. अशा गाडीला समोरचं सगळं दिसतं, पण त्यातलं चाक कुठे घालायचं आणि कुठे नाही हे तिला उपजत कळत नाही. कुणीतरी शिकवावं लागतं. म्हणून रस्त्यांचे फोटो या ऑफिसात यायचे आणि पोरं-पोरी त्यात रंग भरायची. जिथून गाडी सुखरूप जाईल तो भाग हिरवा. गटार, बांध, ओटा, माणूस, गुरं यांना दुसरे रंग. असे ढिगाने फोटो बघून मशीन शिकतं आणि मग नव्या रस्त्यावर आपलं आपण हिरवं शोधतं.

कंपनीला पट्टे न मारलेले, कडा नसलेले खेडेगावातले रस्ते हवे होते. सुनिलनेच आपली वाडी सुचवली. डोक्यावर कॅमेरे लावलेली पांढरी गाडी वाडीत फिरून गेली, आणि काही दिवसांनी त्याच्या पडद्यावर सूरजचं अंगण उघडलं. कडेचे दगड, सारवलेली जमीन, पलीकडे आपल्या घराचा कोपरा. हा फोटो दुसऱ्या कुणाच्या हाती गेला असता तर त्याने अंगण हिरवं न करता सोडून दिलं असतं. सुनिलने दगडांवर लाल रंग दिला आणि अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं करून टाकलं. एकच नव्हे, त्या फेरीतल्या सगळ्या फोटोंत. भरलेले रंग तपासणाऱ्या बाईला शहरात बसून ते मोकळं मैदान वाटलं असावं. तिने मंजूर केलं. त्या संध्याकाळी सुनिल घरी शीळ घालत आला. कित्येक महिन्यांत तो इतका खूश नव्हता.

सुगी आटोपल्यावर शिकवलेली गाडी पुन्हा वाडीत आली. बरोबर भूमिका नावाची इंजिनीअर मुलगी होती. स्टिअरिंगपुढे तीच बसणार होती, पण हात मांडीवर ठेवून. काही चुकलं तर पाय ब्रेकवर. सुनिलने गावकीच्या विठूतात्याला आधीच पटवून ठेवलं होतं.

"तात्या, मशीनला ना मी भाऊ, ना सूरज भाऊ. ते जे बोलंल ते खरं मानायचं."

तात्याला या भांडणाचा वीट आला होता. त्याने सूरजला दटावून गाडीत मागे बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. सुनिल पुढे. गाडी वाडीतून हळूहळू आली आणि दगडांपाशी थांबली. पुढच्या पडद्यावर दगड लाल होते आणि त्यांच्यापलीकडे सगळं अंगण हिरवंगार.

"हिरवं म्हंजे?" तात्याने विचारलं.

"म्हणजे गाडी जायला जागा," भूमिका म्हणाली.

सुनिल मागे वळून सूरजकडे बघत राहिला. सूरजचा चेहरा पडला. भाऊ खोटं बोलला असता तर त्याने दोन हात केले असते, पण पडद्याशी भांडायचं कसं हे त्याला कळेना.

"दगड काढ, सूरज," तात्या म्हणाला.

सूरज उतरला. एकेक दगड उचलून त्याने भिंतीकडे नेला. त्याची बायको दारात उभी राहून बघत होती. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. तो परत येऊन बसला आणि गाडी अंगणात शिरली. सारवण फोडत चाकांनी दोन पट्टे उमटवले. सुनिलला इतका आनंद झाला की त्याने खिडकीची काच खाली घेतली, लोकांना आपण दिसावं म्हणून.

अंगण ओलांडून गाडी सुनिलच्या दाराकडे वळली, आणि पडद्यावर त्याचं स्वतःचं अंगणही हिरवं झालं. उंबऱ्यापर्यंत.

त्या अंगणात त्याची आई, हिराबाई, सारवत होती. उकिडवी बसून, दाराकडे तोंड करून, ओल्या शेणावर हात फिरवत ती मागे मागे सरकत होती. कानाने तिला कमी ऐकू येई. वाकलेल्या पाठीला मशीनने माणूस म्हणून ओळखलं नाही आणि भूमिकाची नजर पडद्यावरच होती. हिराबाई मागे सरकत होती आणि गाडी पुढे.

"थांबवा," सुनिल ओरडला. "रस्ता नाय तो. अंगण हाय."

भूमिकाने ब्रेक दाबला. गाडी थांबली, आईच्या पाठीपासून हातभर अंतरावर. 

"अंगण कसं?" मागून सूरज म्हणाला, अगदी शांतपणे. "मशीन तं रस्ता बोलतंय."

 उत्तर भूमिकाने दिलं. "मशीनला मालक कळत नाही हो. सारवलेली जमीन दिसली की त्याला ती रस्ता वाटते. आत्ता ओलांडलं ते अंगण त्याला रस्ता म्हणून शिकवलं असणार, म्हणून हेही रस्ताच."

"शिकवलं कोनी?" तात्याने विचारलं.

"वाशिंदला. फोटो रंगवतात तिथे." तिने सुनिलकडे पाहिलं. "ही वाडी तुमच्याच टेबलावर होती ना?"

 तात्या दार उघडून खाली उतरला आणि सुनिलच्या बाजूला येऊन थुंकला. सूरज सरळ आपल्या अंगणाकडे चालू लागला.

हिराबाईने मान वळवली तेव्हा गाडीचं नाक तिच्या खांद्याशी होतं. ती हात टेकून उठली. तात्याने तिच्या कानाशी वाकून काय झालं ते सांगितलं, काही न लपवता. तिने ऐकून घेतलं. मग शेणाची पाटी उचलली, गाडीतून उतरलेल्या लेकाच्या अंगावरून पुढे गेली आणि सूरजच्या अंगणात चाकांच्या पट्ट्यांपाशी बसली. सूरज दगड परत लावत होता.  तिने पहिल्या पट्ट्यावर शेण ओतलं आणि हात फिरवू लागली.

वाडी बघत होती. सुनिलला ते सहन होईना. तो तरातरा गेला आणि अंगणात शिरून त्याने तिचा दंड धरला.

"आये, घरी चल. लोकं बघतात."

हिराबाईने दंड सोडवून घेतला. त्याच्या तोंडाकडे तिने पाहिलंच नाही, खाली त्याच्या चपलांकडे पाहिलं.

"पायतान काढ आधी," ती म्हणाली. "कोनाच्या अंगणात उभा हायस?"