स्वस्तातली काठी आणि न धुतलेलं रीळ

मित्रांनो, फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या घरी माळ्यावरची जळमटं काढायला एक काठी आहे. टोकाला जुनं फडकं बांधलेलं. ती मी. हसू नका. मी समुद्रातले मासे धरायची गळाची काठी आहे, आणि माझ्या कमरेला एकेकाळी दोरा गुंडाळणारं चांगलं फिरतं रीळ होतं.

मी महागाची नव्हे, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. कारखान्यात काचतंतूचं कापड एका सळईवर गुंडाळून, डिंक पाजून, भट्टीत भाजून मला घडवलं. महागड्या काठ्या माझ्याहून हलक्या आणि नाजूक. मी जरा जाड, पण दगडावर आपटले तरी मोडत नाही. दुकानात आले तेव्हा त्या काचेच्या कपाटात बसल्या आणि मी दाराशी पिंपात, छत्रीसारखी उभी.

एके दिवशी हा फ्रिजवाला आला. म्हणाला, "माझ्या दादासाठी काठी हवी. बंदराच्या भिंतीवरून गळ टाकतो. फार महाग नको, पण फसवू नका."

दुकानदार खडूस होता, पण माल ओळखणारा. "भिंतीवरून ना? मग फार लांब नको, हात भरून येतात. दादांचं वय?"

"वयाचं नाही हो. सुतार आहे तो. करवतीत उजव्या हाताची दोन बोटं गेली. हातात दोरी धरवत नाही आता."

दुकानदार कपाटाकडे वळला. मग त्याने एक चकचकीत रीळ उचललं आणि स्वतःच खाली ठेवलं. "हे तळ्यासाठी ठीक. समुद्रात महिन्याभरात मान टाकेल." आणि एक काळं, साधं, ओबडधोबड रीळ काढलं. त्याचं हँडल डाव्या बाजूलाही बसत होतं. डोक्यावर एक चकती होती. ती बेतानं सैल ठेवली की मोठा मासा ओढेल तसा दोरा सुटतो, तुटत नाही. मग मला पिंपातून ओढून त्याने आमची जोडी जमवली. "स्वस्त आहे, पण खोटं नाही. फक्त एक करायचं. समुद्रावरून आलं की घरी नळाच्या बारीक धारेखाली धरायचं, पुसायचं आणि वाऱ्यावर ठेवायचं. मीठ आत राहिलं की खेळ खलास. सांगा दादांना."

"सांगतो," हा म्हणाला. तासभर घासाघीस केली, प्रत्येक रीळ कानाशी धरून फिरवून पाहिलं. एवढ्या जिवाभावानं कुणी सोनंसुद्धा घेत नसेल!

एवढा जीव टाकायला कारण होतं. दादाची बोटं गेली तेव्हा हा कामासाठी परगावी होता आणि पोहोचायला त्याला उशीर झाला. दादा इस्पितळातल्या खाटेवरून एवढंच म्हणाला, "मी मेलो असतो तरी तू असाच सावकाश आला असतास." तेव्हापासून दोघांत अबोला. आम्ही दोघं म्हणजे, मित्रांनो, त्या अबोल्यावरचा उतारा होतो.

दादाच्या घरी दार वहिनीने उघडलं. दादाने मला हातात घेतलं, डाव्या हाताने हँडल फिरवलं, पुन्हा फिरवलं. "कशाला एवढा खर्च?" तो म्हणाला. महिनोनमहिन्यांत भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

फ्रिजवाला निघताना दारात घुटमळला. ज्याच्या मांडीवर बसून तो गळाची गाठ मारायला शिकला, त्याला मासेमारीतलं काही सांगायचं? "दादा, हे धुवून ठेव" असं म्हणायचं? जीभ रेटली नाही. दादाला माहीत असणारच, असं त्याने मनाशी ठरवलं आणि चपला घातल्या.

दादाला माहीत नव्हतं. त्याने जन्मभर हातदोरीने मासे धरले होते. दोरी बाटलीला गुंडाळायची आणि खिळ्याला टांगायची, संपलं. तिच्यात बिघडायला होतंच काय?

तरी पहिले दिवस सोन्याचे होते. सुट्टीच्या दिवशी दोघे भाऊ भिंतीवर शेजारी बसायचे. मासा लागला की दादा ओरडायचा, "अरे, बघतोस काय, जाळी घे खाली!" आणि धाकटा धावायचा. माझ्या पाठीला बाक यायचा, रीळ कुरकुर न करता दोरा सोडायचं, आणि मला वाटायचं, काचेच्या कपाटातल्यांनी येऊन बघावं.

घरी आलं की दादा आम्हाला मऊ बनियनने कोरडं पुसायचा, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचा आणि कपाटावर ठेवायचा. एकदा वहिनी म्हणाली, "अहो, जरा नळाखाली धरू का? चिकट लागतंय."

"डोकं फिरलंय का तुझं? भावानं दिलेली वस्तू पाण्यात घालतेस?"

झालं! त्या प्लॅस्टिकमध्ये आमचा जीव गुदमरायचा. माझ्या कमरेशी रीळ आतून दिवसेंदिवस खरखरू लागलं. दादाला ते हाताला कळत होतं. पण दिलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची, म्हणून तोही बोलला नाही. एकाने मान राखला, दुसऱ्याने मन राखलं, आणि मेलं कोण? आमचं रीळ.

मग तो दिवस आला. गळाला मोठा मासा लागला, असा की मी मुठीपर्यंत वाकले. भिंतीवरची सगळी मंडळी गोळा झाली. "सोड, दोरा सोड!" धाकटा ओरडला. पण चकती मिठाने चिकटून बसली होती. रीळ एक वीतही सोडेना. मासा ओढतोय, दादा तीन बोटांनी ओढतोय, आणि मी मधे. ताडकन दोरा तुटला, माझा मागचा दांडा उसळून दादाच्या त्याच अधू हातावर बसला आणि तो मागे पडला.

लोक हसले. सगळ्यांना 'मामा' म्हणून ठाऊक असलेला एक रिकामटेकडा म्हणाला, "कुणी गळ्यात मारली ही काठी?"

दादाने हात पोटाशी धरला होता. भावाकडे न बघता म्हणाला, "यानेच. स्वस्तातलं बघून." मग बघितलं. "हात गेला तेव्हा आला नाहीस. आलास तो हे घेऊन. एवढीच किंमत माझी?"

आम्हाला तिथेच टाकून तो चालता झाला.

फ्रिजवाल्याने घरी आणून रीळ स्क्रू काढून उघडलं. आत दगडासारखं घट्ट झालेलं पांढरं मीठ. त्याची बायको म्हणाली, "अहो, जा ना! दाखवा दादांना. चूक त्यांची आहे."

"काय दाखवू? बोटं गमावलेल्या माणसाला तुझंच चुकलं म्हणू?"

दुकानदाराने काय सांगितलं होतं, हे मात्र तो बायकोलाही बोलला नाही. मी कोपऱ्यात उभी राहून जळफळत होते. अरे, अर्धं तुझं, अर्धं त्याचं! जा, वाटून घ्या, भांडा आणि मोकळे व्हा! पण काठीचं कोण ऐकतं? रीळ भंगारात गेलं आणि मला फडकं बांधलं.

परवा याच्या मुलीने विचारलं, "बाबा, काका आपल्याकडे का येत नाहीत?"

"काही नाही गं," हा म्हणाला. "एक स्वस्तातलं रीळ होतं, ते बिघडलं."

बिघडलं म्हणे! मित्रांनो, ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तेव्हा समुद्रावरून आलात की आम्हाला गोड्या पाण्याने धुवा, स्वस्त असो की महाग. आणि कुणाला वस्तू द्याल तर ती कशी जपायची तेही सांगा, समोरचा वयाने कितीही मोठा असला तरी. रागावेल तो. रागावू द्या. हे दोघे भाऊ तर आता एकमेकांवर रागावतसुद्धा नाहीत.