चंद्रावरचा थोरला

कोजागिरीच्या संध्याकाळी घरातल्या थोरल्या लेकराला ओवाळतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण दगडाला ओवाळलेलं कधी पाहिलंत का?

मी तोच दगड बोलतोय. माझा जन्म चंद्रावरचा. तिथं काहीतरी प्रचंड आदळलं आणि मी उडालो. किती काळ अंधारात भटकलो, मलाही सांगता येणार नाही. शेवटी आफ्रिकेच्या वाळवंटात पडलो. तिथल्या माणसांनी मला वाळूतून उचललं, जाणकारांनी माझा कपचा काढून तपासला, आणि हातोहात फिरत मी नागपूरला श्रीधररावांच्या घरी आलो.

मी लिंबाएवढा, करडा, अंगावर पांढरे ठिपके. श्रीधररावांचं लकडगंजात प्लायवूडचं दुकान. दिवसभर भुशात वावरणारा हा माणूस घरी आला की हात धुऊन, पांढरे हातमोजे घालून मला काचेच्या डबीतून काढायचा.

"चंद्र आहे हा, शामला. हात नको लावू, डाग पडन."

"नाही लावत जी," त्यांच्या पत्नी शामलाबाई म्हणायच्या.

पण दर कोजागिरीला श्रीधरराव गच्चीवर दूध आटवायला गेले की त्या हळूच डबी उघडायच्या. त्या घरात मूल नव्हतं. त्या मला पाटावर ठेवून हळद-कुंकू लावायच्या, निरांजन ओवाळायच्या, आणि पुसून पुन्हा डबीत ठेवायच्या. मला कपाळ कुठलं? पण त्यांना ते बरोबर सापडायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात श्रीधररावांच्या हातून निसटून मी फरशीवर पडलो. फुटलो नाही, पण ते त्या दिवशी जेवले नाहीत. "आपल्यामागं याले कोण पाहीन?" म्हणत त्यांनी पुण्याच्या पियुषला बोलावलं. पियुष असे दगड जमवतो. तो मला कायमचा नेणार होता. तो आला तेव्हा शामलाबाई पोहे करायला उठल्या.

पियुषनं भिंग लावलं. "काका, या भेगेत पिवळं काय आहे?"

"पिवळं? चंद्रावर पिवळं कुठलं आलं?"

"हळद आहे ते," शामलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

"हळद काहून लावली वं?"

"कोजागिरीले थोरल्याले ओवाळतात. आपल्या घरी दुसरं होतं कोण?"

श्रीधरराव शामलाबाईंकडे वळले. पियुष बिचारा समजुतीनं म्हणाला, "हरकत नाही काकू. तेवढा भाग मी कापून टाकीन. बाकीचा स्वच्छ आहे."

तेव्हा श्रीधररावांनी मला त्याच्या हातातून घेतलं. हातमोजे न घालता, पहिल्यांदाच. त्यांचा तळहात खरखरीत होता आणि ऊन होता.

"नको बेटा. आम्ही दोघं आहोत तवर घरीच राहू दे त्याले."

पियुष पोहे खाऊन रिकाम्या हातानं गेला.

त्या पिवळ्याला जाणकार डाग म्हणतील. म्हणोत. एवढ्या लांबून आलेल्या माझ्या अंगावर माणसाच्या मायेची खूण तेवढीच आहे. पुढं कधी मी तुमच्या हाती आलोच, तर ती घासून काढू नका, एवढंच मागणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीधररावांनी काचेची डबी माळ्यावर टाकली आणि मला देवघराच्या फळीवर, शामलाबाईंच्या हाताला येईल असं ठेवलं.