डॉक्टरांच्या गाडीचा मिस्त्री

"आवो, डॉक्टरीणबाई गाडीखाली झोपल्या हायत! या डोळ्यांनी बघून आले."

बाजाराची पिशवी ओट्यावर टेकवत मंजुळा म्हणाली आणि वर फिदीफिदी हसली. मी चहाचा कप खाली ठेवला.

"गाडीखाली म्हंजे?"

"म्हंजे गाडीखाली. चटई टाकून, पदर खोचून. चाक काढून ठेवलंय बाजूला. आता तुमची काय गरज नाय, मिस्त्री. बसा माझ्यासंगं तांदूळ निवडत."

बायको थट्टा करत होती, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अवधूत डॉक्टरांची फियाट बारा वर्षं माझ्या हाताखाली होती. महाडला हायवेवर माझं गॅरेज, म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. पण 'डॉक्टरांची गाडी चांगू बघतो' एवढ्यावर वकिलांच्या, सावकारांच्या गाड्या माझ्याकडे यायच्या. फियाटची नुसती घरघर ऐकून मी सांगायचो, आज तिला काय होतंय. माणसाला बायकोचाही इतका अंदाज येत नाही.

मी सायकल काढली आणि तडक डॉक्टरांच्या घरी गेलो. फाटकातूनच दिसलं. डॉक्टरांच्या पत्नी कालिंदीबाई, शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या, अंगणात बसून ब्रेकचे नवे लायनर चढवत होत्या. शेजारी पुस्तक उघडं. वर्तमानपत्रावर एकेक स्प्रिंग, एकेक नट ओळीनं मांडलेला, प्रत्येकापाशी खडूनं आकडा. नट ठेवायला स्टीलच्या वाट्या! माझ्या गॅरेजात नट शोधायचा तर गुडघ्यावर रांगावं लागतं.

"बाई, ब्रेकचं काम हाय. भातुकली नाय ही," मी म्हणालो.

"या, चांगूमिस्त्री. भातुकली कशी असेल? गेल्या वेळी गाडी चार दिवस तुमच्याकडे होती आणि तुम्ही रोज 'उद्या देतो' म्हणालात. बिरवाडीची बाळंतीण अडली होती, डॉक्टर एसटीची वाट बघत उभे राहिले. म्हटलं, आपणच शिकावं."

'उद्या' म्हणायची सवय आम्हा मिस्त्री लोकांना जन्मजातच. मी नुसतं वाकून बघितलं. काही चुकलेलं सापडावं म्हणून डोळे ताणून बघितलं. काही सापडलं नाही.

"बघा बुवा, जपून," एवढं म्हणून मी निघालो.

पुढचे पंधरा दिवस फियाट गॅरेजवरून जायची. डॉक्टर हात करायचे, हॉर्न वाजायचा, गाडी थांबायची नाही. वकिलांनी एकदा हसत विचारलं, "काय चांगू, तुला बाईमाणूस भारी पडलं म्हणे?" त्या दिवशी मी मनात म्हटलं, देवा, या बाईचं काहीतरी चुकू दे. खोटं कशाला बोलू? म्हटलं.

आणि एका दुपारी निरोप आला. फियाट पोलादपूरच्या नाक्यावर अडकली होती, चाकांतून धूर येत होता. मी हत्यारांची पिशवी घेतली आणि मिळेल ती एसटी पकडली. वरात निघाल्यासारखा गेलो मी.

नाक्यावर गर्दी जमलेली. हॉटेलातली माणसं कपबशा हातात घेऊन बघायला आलेली. डॉक्टर घामाघूम, बाई बाजूला उभ्या. ब्रेक लागल्यावर सुटतच नव्हते. जॅक लावून मी पुढचं चाक खोललं. घासून घासून ड्रम तापला होता, जळका वास येत होता. पण लायनर कसे बसवले होते म्हणून सांगू! स्प्रिंगा जागच्या जागी, नट घट्ट, कुठे केसाएवढी चूक नाही. माझ्या हातूनही इतकं साफ झालं नसतं.

मग मी पेडलाजवळचा मास्टर सिलिंडर खोलला, ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलतो तो. आतलं रबर भिजवलेल्या वाटाण्यासारखं टम्म फुगलं होतं. तेल मागे यायची वाटच त्यानं बुजवली होती, मग ब्रेक सुटणार कसे? ते रबर मी बसवलं होतं, गाडी माझ्याकडे होती त्या चार दिवसांत. बसवायच्या आधी रॉकेलच्या डब्यात खळबळून घेतलं होतं, हाताशी डबा असतो म्हणून. रॉकेल लागलं की ब्रेकचं रबर फुगतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

मी ते मुठीत घेतलं आणि हळूच खिशात घातलं.

"बाईमाणसानं गाडी खोलली तर आसंच व्हायाचं," कपबशीवाला एक जण म्हणाला. चार जण हसले.

"मी सांगत होतो हिला," डॉक्टर चिडून म्हणाले, "ज्याचं काम त्यानं करावं. पुस्तक वाचून कुठं ब्रेक होतात?"

बाई माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "चांगूमिस्त्री, माझं नेमकं काय चुकलं तेवढं सांगा. म्हणजे पुन्हा नाही चुकणार."

एक वाक्य बोलायचं होतं. बाई, तुमचं काही चुकलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं, शपथेवर सांगतो. पण ते बोललो असतो तर फियाट कायमची त्या अंगणात गेली असती.

"जाऊ द्या बाई," मी म्हणालो. "ब्रेकचं कामच किचकट हाय."

पोलादपुरात नवं रबर मिळालं. ते ब्रेकच्या तेलात बुडवून मी बसवलं, आणि डॉक्टरांनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली.

तेव्हापासून फियाट माझ्याकडेच आहे. वकिलांनीही पुन्हा थट्टा केली नाही. सगळं होतं तसं झालं.

परवा डॉक्टर गाडी घेऊन आले, शेजारी बाई होत्या. इंजिन चालू होतं आणि आतून बारीक टकटक येत होती. डॉक्टरांना कळली नाही. बाईंना कळली, त्यांनी मान किंचित कलती करून ऐकलं. व्हॉल्व्हची फट वाढलीय, हे त्यांनी ओळखलं होतं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मी खिडकीशी गेलो. का कुणास ठाऊक, त्यांनी ते बोलावं असं मला फार वाटलं.

"बाई, आवाज कसला वाटतो तुम्हाला?"

त्यांनी काच वर करायला हात घातला.

"मला काय कळतंय त्यातलं?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच बघा."