पिठातलं पाऊल

बाबांना नेल्यावर आत्यानं त्यांच्या जागी पीठ पसरलं, शेजारी पणती लावली आणि पिठावर टोपली पालथी घातली. माणसं स्मशानातून परतली की टोपली उचलायची. पिठात जो ठसा उमटेल, त्या जन्माला मेलेला गेला.

मला असल्या गोष्टींची चीड येते. रमाकांतची मुलगी आहे मी. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर दुर्बीण लावून बाबा सगळ्यांना आकाश दाखवायचे. मला बोलवायला भिंतीवर टकटक करायचे. दोनदा लागोपाठ, मग जरा थांबून एकदा.

मागच्याच आठवड्यात माझ्या पोटाकडे बघत म्हणाले, "नूपुर, मोठा तारा फुटून मरतो ना, तेव्हा त्याच्या धक्क्यानं शेजारचा धुळीचा ढग आवळला जातो. त्यातून नवा तारा पेटतो. मेलेल्याची राख त्याच्या अंगात असते."

"म्हणजे तोच परत येतो?"

"छे गं. राख त्याची, तारा नवा."

मला आठवा महिना लागला होता. आणि बाबांनी प्राण सोडल्यापासून बाळ हललं नव्हतं. त्या रडारडीत सांगणार कुणाला? नवरा, शंतनु, स्मशानातून येईपर्यंत मी जीव मुठीत धरून बसले होते.

तो आला. आत्या टोपलीकडे वळली. "तू बघू नको गो. पोटुशीनं बघूचा नसता."

माझं डोकंच सटकलं. टोपली मीच उचलली.

पिठात पाऊल होतं. माझ्या अंगठ्याएवढं, पाचही बोटं नीट उमटलेलं.

"माणसाचो जन्म गावलो माझ्या भावाक!" आत्या रडता रडता हसली.

मी मात्र गार पडले. पाऊल उंबऱ्याच्या दिशेनं होतं. कुणीतरी घरात आलं नव्हतं, घरातून निघून गेलं होतं.

"शंतनु, टॅक्सी बघ. बाळ सकाळपासून हललं नाहीये."

जिना उतरताना पोटात हालचाल झाली. मी कठडा धरून हमसाहमशी रडले. "हललं रे, हललं!" शंतनुनं घाईघाईनं पोटावर हात ठेवला.

आतून धक्के बसले. दोनदा लागोपाठ. मग जरा थांबून एकदा.

शंतनु हसला. मी डोळे मिटून घोकत राहिले, राख त्याची, तारा नवा. आतून पुन्हा तशीच टकटक झाली.

बाबांवर माझा फार जीव होता. पण मला बाबा नको होते. मला माझं बाळ हवं होतं.